रोज एक शब्द, रोज एक कथा: स्पर्धेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी भाषा गौरव दिन, गणेशोत्सव, दिवाळी, नाहीतर एखादा मोकळा महिना. निमित्त कुठलंही असो, रोज एक शब्द देऊन त्यावर कथा मागवणाऱ्या स्पर्धा आता वाचनालयांपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांपर्यंत सगळीकडे होतात. त्यात भाग घेणारे पुन्हापुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. नियम प्रत्येक स्पर्धेचे वेगळे असतात. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

१. ही स्पर्धा नेमकी चालते कशी?

आयोजक रोज ठरलेल्या वेळी एक प्रॉम्प्ट देतात. तो एखादा शब्द असतो, कधी पहिली ओळ, कधी छायाचित्र, कधी 'बंद पडलेल्या लिफ्टमध्ये दोघं' असा प्रसंग. त्यावरून कथा लिहून बहुधा त्याच रात्रीपर्यंत पाठवायची. स्पर्धा आठवडाभर, पंधरा दिवस किंवा महिनाभर चालते. काही ठिकाणी रोजचा विजेता निवडतात, काही ठिकाणी शेवटी सगळ्या कथांचे गुण एकत्र करतात. नाव नोंदवण्याआधी नियमांत तीन गोष्टी शोधा: शब्दमर्यादा, मुदतीची नेमकी वेळ आणि कथेच्या हक्कांचं कलम (प्रश्न १५).

२. शशक, अलक आणि लघुकथा यांत फरक काय?

शशक म्हणजे शतशब्दकथा. बरोबर १०० शब्द; ९९ नाहीत, १०१ नाहीत. अलक म्हणजे अतिलघुकथा. तिचा आकडा ठरलेला नाही, चार-पाच ओळींत संपावी एवढीच अपेक्षा असते. 'लघुकथा' म्हटलं की आयोजक ५०० ते १५०० शब्दांपर्यंत काहीही मागू शकतात. रोजच्या स्पर्धांत शशक जास्त चालते, कारण नोकरी-घर सांभाळून ती एका दिवसात लिहून होते आणि परीक्षकांनाही झेपते.

३. हा प्रकार बाहेरून आला का?

शंभर शब्दांची चौकट बाहेरची आहे. १९८०च्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या विज्ञानकथाप्रेमींच्या मंडळाने नेमक्या शंभर शब्दांच्या कथेचा नियम रूढ केला आणि तिला 'ड्रॅबल' म्हटलं. कॅलिफोर्नियातल्या 'न्यू टाइम्स' या साप्ताहिकाने १९८७ साली ५५ शब्दांच्या कथांची स्पर्धा सुरू केली. पण दुसऱ्याने दिलेल्या तुकड्यावरून रचना करणं आपल्याकडे फार जुनं आहे. संस्कृतात त्याला समस्यापूर्ती म्हणतात. भोजराजाने 'ठंठं ठठं ठं ठठठं ठठं ठः' एवढाच चरण दिला आणि कालिदासाने राज्याभिषेकाच्या गडबडीत एका तरुणीच्या हातून सुटलेला सोन्याचा घडा जिन्यावरून खाली घरंगळवला, ही दंतकथा बऱ्याच जणांनी शाळेत ऐकलेली असते. इतिहास म्हणून ती धरू नये. पण प्रॉम्प्ट कसा वापरावा याचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं सापडणार नाही: ज्या अक्षरांना अर्थच नाही, त्यांना कारण मिळालं.

४. दिलेला शब्द कथेत जसाच्या तसा यायला हवा का? प्रत्यय लावला तर चालतो का?

मराठीत हा प्रश्न रोज येतो आणि तो रास्त आहे. 'कुलूप' दिला आणि कथेत 'कुलपाला' आलं, तर ते त्याच शब्दाचं सामान्यरूप आहे आणि बहुतेक आयोजक ते मान्य करतात. 'टाळं' हा समानार्थी शब्द आहे, तो मूळ शब्दाच्या जागी सहसा चालत नाही. 'कुलूपबंद' सारखा सामासिक शब्द वादात सापडतो. मूळ रूप एकदा तरी जसंच्या तसं आणा, म्हणजे प्रश्नच मिटतो. 'शब्द आला नाही तरी चालेल, आशय यावा' असं काही स्पर्धा म्हणतात. तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर गृहीत धरू नका.

पहिली ओळ दिली असेल तर तिच्यातला स्वल्पविरामही हलवायचा नाही. ते शब्द मर्यादेत धरायचे की नाहीत, हे मात्र विचारून घ्या. शशकमध्ये दहा शब्दांची ओळ धरली की हातात ९०च उरतात.

५. शब्द वाचल्यावर जे पहिलं सुचतं, तेच लिहावं का?

सहसा नाही. कारण ते सगळ्यांना सुचलेलं असतं.

'कुलूप' हाच शब्द घ्या. कथांच्या गठ्ठ्यात हमखास येतं ते असं: कोकणातलं बंद घर, परदेशात गेलेला मुलगा, गंजलेलं कुलूप, दारात थांबलेले म्हातारे डोळे. त्यातली भावना खोटी नाही. पण परीक्षकाने ती सकाळपासून दहाव्यांदा वाचलेली असते आणि तुमच्या वाट्याला त्याचा थकवा येतो.

त्यावर उपाय असा. कागदावर त्या शब्दावरून सुचणाऱ्या सात कल्पना एकेका ओळीत लिहा. पहिल्या तीन सरळ खोडा. मग त्या वस्तूलाच प्रश्न विचारा. ती रोज कुणाच्या हातात असते? कधी अडते? ती नसेल तर कुणाचं काम थांबेल? कुलपाच्या बाबतीत: किल्ल्या किती, त्या कुणाकडे, आणि कुलूप चोरासाठी लावलंय की घरातल्याच माणसासाठी?

अशा प्रश्नांतून कथा कशी निघते ते पाहा. तालुक्याच्या पेठेतलं वडिलोपार्जित किराणा दुकान. दोन भावांचं बोलणं बंद, वाटणीचा दावा कोर्टात. शटरला डावीकडे थोरल्याचं कुलूप, उजवीकडे धाकट्याचं. रोज सकाळी दोघं आल्याशिवाय दुकान उघडत नाही. यातलं कुलूप काढून टाका, कथाच उरत नाही. कोकणातल्या घराच्या कथेतलं कुलूप काढलं तर मात्र काहीच बिघडत नाही. घर बंद आहे एवढं सांगितलं तरी भागतं. प्रॉम्प्टचा वापर झाला की नाही हे ठरवायची आमच्या मते हीच कसोटी आहे. शब्द किती वेळा आला, याला महत्त्व नाही.

६. शब्द मोजायचे कसे? माझ्या मोबाइलवर ९८ येतात, आयोजक १०३ म्हणतात.

संगणक दोन मोकळ्या जागांमधला मजकूर म्हणजे एक शब्द असं धरतो. त्याला व्याकरण कळत नाही. गोंधळ होतो तो इथे:

– 'जाता-येता' एक शब्द मोजला जातो, 'जाता येता' दोन.
– दोन्ही बाजूंना जागा सोडून टाकलेली रेघ काही प्रोग्राम शब्द म्हणून मोजतात.
– 'आला...आणि' असं टिंबांनी चिकटवलं की दोन शब्दांचा एक होतो.
– विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय मराठीत जोडूनच लिहायचे. 'टेबला वर' हे चूकही आहे आणि एक शब्द वायाही घालवतं.

'घराच्या बाहेर' दोन, 'घराबाहेर' एक. 'बघत आहे' दोन, 'बघतोय' एक. ही काटकसर रास्त आहे, कारण दोन्ही रूपं बोलण्यात आहेत. 'त्यानंतरतो' असं चिकटवणं म्हणजे नियमाला फसवणं. परीक्षक ते पकडतात आणि कथा बाद होते. शीर्षक बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत. आयोजक कुठल्या साधनाने मोजतात ते विचारा आणि पाठवण्याआधी त्यावरच मोजा.

७. माझी कथा १४० शब्दांची झाली. कापू काय?

विशेषणं कापून दहा-बारा शब्द सुटतील. चाळीस सुटायला वाक्यांनी वाहिलेला अनावश्यक भार काढावा लागतो. प्रश्न ५ मधल्या दुकानाचंच एक वाक्य घ्या:

'थोरला आधी आला आणि त्याने आपले कुलूप उघडले व तो धाकट्याची वाट बघत पायरीवर बसून राहिला.' हे १६ शब्द.

'थोरला आपलं कुलूप काढून पायरीवर बसला.' हे ६.

'आपलं' म्हटल्याबरोबर दुसरं कुलूप दुसऱ्या कुणाचं आहे हे कळतं, आणि कुलूप काढूनही माणूस आत न जाता पायरीवर बसला म्हणजे वाट बघतोय हेही कळतं. 'वाट बघत' लिहायची गरजच राहिली नाही. उलट ते न लिहिल्याने वाचक स्वतः शोधतो आणि कथेत गुंततो.

कापायचा क्रम साधारण असा ठेवा: आधी सुरुवातीचं हवामान आणि सूर्योदय, मग पात्राला जे वाटलं ते सांगणारी वाक्यं, मग 'आणि', 'मग', 'तेव्हा', शेवटी विशेषणं. पात्रांची नावं दोनाच्या वर असतील तर एक पात्र उडवा. शंभर शब्दांत तीन माणसं वाचकाच्या लक्षात राहत नाहीत.

८. रोज लिहायला वेळ कुठून आणायचा?

एका शशकला साधारण दीड तास पुरतो, पण तो एका बैठकीत वापरू नका. सकाळी शब्द आल्यावर १५ मिनिटं सात कल्पनांना द्या. दुपारी किंवा प्रवासात ३० मिनिटांत १३० ते १४० शब्दांचा कच्चा मसुदा करा. लगेच १०० वर आणायचा प्रयत्न केला तर वाक्यं आखडतात. मग किमान दोन तास तिकडे फिरकू नका. संध्याकाळी ३० मिनिटं कापाकापीला, आणि शेवटची १५ मोठ्याने वाचण्यासाठी व मोजण्यासाठी. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य चुकलेलं असतं.

९. शेवटी धक्का हवाच का?

नको. शेवटच्या ओळीत कळतं की बोलणारा माणूस नव्हता, कुत्रा होता. किंवा सगळं स्वप्न होतं. किंवा ज्याच्याशी गप्पा चालल्या होत्या तो वर्षापूर्वीच गेला होता. हे तीन शेवट इतके झाले आहेत की दुसऱ्या परिच्छेदातच ओळखू येतात. शेवट माहीत असतानाही कथा पुन्हा वाचावीशी वाटते का, हे तपासा. दोन भावांच्या कथेत एका सकाळी धाकटा येतो आणि थोरल्याचं कुलूप किल्लीसकट पायरीवर ठेवलेलं दिसतं. तिथे थांबा. थोरला आजारी पडला, दावा मागे घेतला की गाव सोडून गेला, हे सांगायला गेलात की कथा बातमी होते.

१०. छायाचित्रावरून लिहायचं असेल तर?

चित्राचं वर्णन करू नका. ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. चित्र टिपण्याच्या पाच मिनिटं आधी किंवा नंतर काय घडलं, किंवा चौकटीबाहेर कोण उभं आहे, तिथून सुरुवात करा. कथा पुढे चित्राशिवाय छापली तरी समजली पाहिजे.

११. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडीत लिहिलं तर गुण कापतात का? शुद्धलेखनाचे किती गुण जातात?

नियमांत मनाई नसेल तर बोली चालते, आणि संवादांत तर ती हवीच. कथा ज्या माणसांची आहे त्यांच्या तोंडी पुस्तकी भाषा घातली की ती माणसं खोटी वाटतात. अडचण होते ती धेडगुजरीपणाने: एका ओळीत 'खय गेल्लंस' आणि पुढच्या ओळीत त्याच माणसाच्या तोंडी 'मी निघालो आहे'. एका पात्राची बोली शेवटपर्यंत एकच ठेवा. जी बोली कानावर नाही ती वापरू नका.

निवेदन प्रमाणभाषेत असेल तर ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. अर्थच बदलणाऱ्या चुका जास्त नडतात. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे.

१२. पाठवलेली कथा आयोजकांना चौकोन आणि चित्रविचित्र चिन्हांत दिसली. का?

श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केल्यामुळे. तो फाँट समोरच्याकडे नसेल तर मजकूर वाचता येत नाही. युनिकोडमध्येच टाइप करा. मोबाइलचा मराठी कीबोर्ड युनिकोडच वापरतो. जुना मजकूर असेल तर परिवर्तकातून (जुन्या फाँटचं युनिकोड करून देणाऱ्या साधनातून) काढा, पण नंतर प्रत्येक जोडाक्षर डोळ्यांखालून घाला, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी तिथेच सरकतात.

व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका टाकल्या की तो ठळक होतो आणि तारका दिसेनाशा होतात, म्हणून प्रसंग बदलल्याची खूण म्हणून तारका नकोत. परीक्षकांना नाव न कळता परीक्षण होणार असेल तर फाइलच्या नावात आणि फाइलच्या गुणधर्मांत तुमचं नाव राहिलं नाही ना, हे पाहा.

१३. मी परदेशात राहतो. 'रात्री १२ पर्यंत' म्हणजे माझे किती?

'१५ तारखेच्या रात्री १२' हा शब्दप्रयोगच घातक आहे. कुणी १४ची रात्र संपताना धरतं, कुणी १५ची. चांगले आयोजक 'भारतीय वेळेनुसार रात्री ११:५९' असं लिहितात. तेव्हा दुबईत रात्रीचे १०:२९ वाजलेले असतात. लंडनमध्ये उन्हाळी वेळेत संध्याकाळचे ७:२९, हिवाळ्यात ६:२९. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वेळेत दुपारचे २:२९, हिवाळ्यात १:२९. सिडनीत दुसरा दिवस उजाडायला आलेला असतो: पहाटेचे ४:२९, तिथल्या उन्हाळ्यात ५:२९. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात पुन्हा तपासा.

१४. माझ्यासारखीच कल्पना दुसऱ्या कथेत आली. ही चोरी आहे का?

एकच शब्द शंभर जणांना दिला की कल्पना जुळणारच. प्रश्न ५ त्यासाठीच आहे. कायदाही कल्पनेला संरक्षण देत नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: स्वामित्वहक्क कल्पनेवर नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो. वाक्यं, प्रसंगांचा क्रम, संवाद हुबेहूब जुळत असतील तर मात्र दोन्ही मजकूर समोरासमोर ठेवून, तुमच्या मसुद्याच्या तारखेसह आयोजकांना खाजगीत कळवा. गटात जाहीर आरोप करू नका. निर्दोष माणूस असेल तर तो पुन्हा लिहायला बसत नाही.

१५. 'सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' असं लिहिलंय. कथा माझी राहते का?

कथा लिहिली त्या क्षणी हक्क तुमचा असतो, नोंदणी लागत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी, सही केलेला दस्तऐवज लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क दिले तरी लेखक म्हणून श्रेय मिळण्याचा अधिकार कलम ५७ नुसार तुमच्याकडेच राहतो.

आयोजकांना खरं तर एवढंच हवं असतं: स्पर्धेच्या संग्रहात एकदा छापण्याची परवानगी. 'हक्क लेखकाचे, एकदा प्रसिद्ध करण्याची परवानगी आयोजकांना' असं कलम मागा. बहुतेक जण आनंदाने बदल करतात. जे करत नाहीत, तिथे तुमची सगळ्यात लाडकी कथा पाठवू नका.

१६. स्पर्धेतली कथा नंतर दिवाळी अंकाला देता येईल का?

बहुतेक दिवाळी अंक अप्रकाशित साहित्य मागतात, आणि सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी आलेली कथा ते प्रकाशित धरतात. बंद गटातल्या कथेबद्दल मतं वेगळी आहेत, म्हणून संपादकांना पाठवतानाच सांगून टाका. शशकचा विस्तार करून १५०० शब्दांची नवी कथा केली असेल तर सहसा अडचण येत नाही, तरीही मूळ कथेचा उल्लेख करा. उलट दिशेनेही हाच नियम लागू आहे: जुनी, छापून आलेली कथा आजच्या शब्दावर बसते म्हणून पाठवणं स्पर्धेच्या हेतूलाच धक्का देणारं आहे.

१७. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत चालते का?

स्पर्धेचे नियम पाहा. बऱ्याच ठिकाणी आता हमीपत्र घेतात. शुद्धलेखन तपासण्यापुरती मदत काही आयोजक मान्य करतात, मजकूर लिहून घेणं नाही. आमचं मत स्पष्ट आहे: ही स्पर्धा रोज स्वतः विचार करण्याच्या सरावासाठी आहे. तो सरावच दुसऱ्याकडून करून घेतला तर प्रमाणपत्राखेरीज काही हाती लागत नाही.

१८. एक दिवस चुकला तर सगळं गेलं का?

सलग लिहिण्याचं पारितोषिक जातं, रोजचं नाही. मागच्या दिवसाची कथा आजच्या कथेसोबत पाठवू नका. दोन्ही घाईत बिघडतात.

१९. आम्हालाच अशी स्पर्धा घ्यायची आहे. शब्द कसे निवडावेत?

'आई', 'पाऊस', 'आठवण', 'प्रेम' टाळा. असे शब्द भावना आधीच ठरवून देतात आणि सगळ्या कथा एकाच सुरात रडतात. हाताला लागणाऱ्या वस्तू आणि रोजचे व्यवहार द्या: पावती, स्टूल, रांग, उसनं, सुतळी. दोन अर्थांचे शब्द तर सोन्यासारखे. 'पाट' म्हटलं की कुणी जेवणाच्या पंगतीत बसतो, कुणी शेतातल्या पाण्यावर जातो, कुणाला विधवेचा पुनर्विवाह आठवतो. 'माळ', 'वार', 'पार' हेही तसेच.

परीक्षणाचा हिशोब आधी करा. रोज ४० शशक आल्या तर ३० दिवसांत १,२०,००० शब्द होतात. एका परीक्षकावर हे लादू नका. दोघांनी स्वतंत्रपणे ५० पैकी गुण द्यावेत आणि फरक १० च्या वर गेला तर तिसऱ्याने वाचावं. पसंतीच्या अंगठ्यांवर निकाल लावला तर ज्याचे नातेवाईक जास्त तो जिंकतो. हवं तर वाचकपसंतीचं बक्षीस वेगळं ठेवा.

तीस दिवसांसाठी ३५ शब्द तयार ठेवा. ज्या सकाळी जिल्ह्यात पाणी शिरलंय, त्या सकाळी यादीत 'पूर' हा शब्द असेल तर तो बदलता आला पाहिजे.